टॅन बरोबर, काळा बरोबर, मरून मात्र रोज चुकतो: एसकेयूचा घोळ कुठे शोधायचा

“मरून सात नंबर संपून पंधरा दिवस झाले, तरी ऑर्डरी येतायत. रोज रात्री फाइल चढवतो, स्टॉक शून्य करतो. टॅनचा होतो, काळ्याचा होतो, मरूनचा काय होत नाही बघा.”

कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणाऱ्या एका दुकानदाराचा हा फोन. तोवर त्यांनी पोर्टलकडे चार तक्रारी टाकल्या होत्या, वायफाय बदललं होतं आणि फाइल चढवणाऱ्या पोराला दोनदा झापलं होतं. चूक पोराची नव्हती आणि पोर्टलचीही नव्हती. त्यांचे एसकेयू, म्हणजे दुकानदाराने प्रत्येक जोडाला स्वतः दिलेले कोड, अगदी साधे होते: रंगाची तीन इंग्रजी अक्षरं, मधे आडवी रेघ, पुढे साइज. टॅनला टी-ए-एन, काळ्याला बी-एल-के आणि मरूनला एम-ए-आर. आता एक्सेलच्या कोऱ्या सेलमध्ये एम-ए-आर, रेघ, शून्य, सात एवढं टाइप करून एंटर मारा. एक्सेल त्याचा ‘सात मार्च’ करून मोकळं होतं. पोर्टलकडे रोज रात्री सात मार्चचा स्टॉक शून्य होऊन जात होता आणि मरून जोड आपला विकायला उभाच होता. चुकलेल्या ओळींचा एरर रिपोर्ट पोर्टल देत होतं, पण तो वेगळा उतरवून घ्यावा लागतो. फाइल चढल्याचं हिरवं चिन्ह दिसलं की तो कोण उघडतंय?

तेव्हापासून चपला, साड्या, मसाले, चांदीच्या वस्तू, जे जे ऑनलाइन विकतात त्यांचे असले घोळ निस्तरायला मी बसतो. दहातल्या सात-आठ वेळा दुखणं पहिल्या तीन तपासण्यांतच सापडतं आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. लोक सुरुवातच नवीन सॉफ्टवेअर घेण्यापासून करतात आणि जुना घोळ त्या सॉफ्टवेअरमध्ये भरतात.

एक सूचना. इथे वाचायला बरं म्हणून कोड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिलेत. तुमच्या शीटमध्ये कोड रोमन मोठ्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच ठेवा.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय होतंय ते आधी ओळखा. जे होतंय त्यावरून कुठे बघायचं हे अर्धं ठरतं.

- एकाच रंगाचा किंवा एकाच साइजचा स्टॉक बदलत नाही, बाकी सगळं ठीक चालतं. (तपासणी १)
- पोर्टल म्हणतं ‘असा एसकेयू नाही’ आणि तुमच्या शीटमध्ये तर तो डोळ्यांसमोर आहे. (तपासणी २)
- ‘हा एसकेयू आधीच वापरात आहे’ असं उत्तर येतं. (तपासणी ३ आणि ६)
- स्कॅनरने कोड वाचला की भलतीच अक्षरं उमटतात, किंवा स्कॅनर नुसता लाल डोळा दाखवत बसतो. (तपासणी ४)
- पोर्टलवर तुम्ही कधीच न बनवलेले, अर्थ न लागणारे कोड दिसतात. एका पोर्टलवर विकलं तरी दुसरीकडचा स्टॉक कमी होत नाही. (तपासणी ५)
- गिऱ्हाइकाला दुसराच नंबर जातो, आणि महिनाअखेरीस मोजलं तर सात नंबरमध्ये जितके जोड कमी, तितकेच आठ नंबरमध्ये जास्त. (तपासणी ४ आणि ७)

शेवटचं लक्षण नीट बघा. माल चोरीला गेला तर एकीकडे कमी होतो, पण दुसरीकडे वाढत नाही. शेजारच्या कोडात तेवढाच वाढलेला दिसला तर माल घरातच आहे, नाव चुकलंय. कामावरच्या माणसावर संशय घेण्याआधी हे बघा. मी दोन ठिकाणी यावरून भांडणं होताना बघितलीत.

हात लावण्याआधी दहा मिनिटं

प्रत्येक पोर्टलवरून आजचा इन्व्हेंटरी रिपोर्ट उतरवून घ्या. तो एका वेगळ्या फोल्डरमध्ये आजच्या तारखेने ठेवा आणि उघडू नका. खरंच उघडू नका. सीएसव्ही फाइल (नुसत्या मजकुराची, स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली आणि बंद करताना सवयीने ‘सेव्ह’ दाबलं, की तुमची एकमेव खरी प्रतही बिघडली. काम करायचं ते तिच्या कॉपीवर.

आणि आज निघायच्या ऑर्डरी आधी पॅक करून हातावेगळ्या करा. कोड दुरुस्त करताना मधेच पिकअपवाला दारात उभा राहिला की हमखास चुकतं.

तपासणी १: कोड उजवीकडे सरकलाय का?

यासाठी काही शिकावं लागत नाही. शीट उघडा, कोडाचा कॉलम रुंद करा आणि वरून खाली नजर फिरवा. एक्सेल मजकूर डावीकडे चिकटवतं, आकडा आणि तारीख उजवीकडे. तुम्ही स्वतः अलाइनमेंट बदलली नसेल, तर उजवीकडे सरकलेला प्रत्येक कोड एक्सेलने आपल्या अकलेने वाचलेला आहे. हे तीन प्रकारे होतं.

पहिला प्रकार तारखेचा, वर सांगितलेला. इंग्रजी महिन्यांच्या नावांची पहिली तीन अक्षरं आणि पुढे आकडा आला की गेलं. मरूनचं एम-ए-आर, सेपियाचं एस-ई-पी, डेकोरचं डी-ई-सी ही नेहमीची गिऱ्हाइकं. असा सेल नंतर टेक्स्ट केला तरी मूळ कोड परत येत नाही. ७ मार्च २०२६ या तारखेच्या जागी ४६०८८ असा आकडा मिळेल, कारण एक्सेल तारखा आतून दिवस मोजून ठेवतं. असा पाच आकडी कोड पोर्टलवर दिसला, तर कुणीतरी ही दुरुस्ती करायला गेलं होतं हे ओळखावं. तुम्हाला हा आपलाच गाढवपणा वाटत असेल तर ऐका: मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० साली काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. शास्त्रज्ञांची ही गत, तर आपण चप्पलवाले.

दुसरा प्रकार पुढच्या शून्याचा. कोड शून्य-शून्य-सात असेल तर एक्सेल फक्त सात ठेवतं. नुसते आकडेच असलेले कोड यामुळे सगळ्यात आधी मरतात.

तिसरा प्रकार लांब आकड्यांचा. बारा किंवा जास्त अंकांचा आकडा एक्सेल ‘८.९ई+१२’ अशा वैज्ञानिक पद्धतीने दाखवतं. डब्यावरच्या १३ अंकी बारकोड नंबराचं हमखास असं होतं. कॉलम रुंद करून फॉरमॅट ‘नंबर’ आणि दशांश शून्य केले, की एक्सेलच्या फाइलमध्ये तो परत नीट दिसतो. पण तशीच फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली असेल तर पडद्यावर जे दिसत होतं तेच लिहिलं जातं आणि खरे अंक गेलेले असतात. पंधरापेक्षा जास्त अंक असतील तर एक्सेल सोळाव्यापासून पुढे शून्यं भरतं, तिथे काहीच इलाज नाही. आकडे-ई-आकडे असा कोडही याच सापळ्यात सापडतो: सात-ई-शून्य-दोन टाइप केलं की सातशे होतात.

उपाय: नवीन शीटमध्ये आधी सगळा कॉलम निवडून फॉरमॅट टेक्स्ट करा, मगच कोड टाका. सीएसव्ही डबल-क्लिकने उघडायची नाही. एक्सेलच्या डेटा मेनूतून ‘फ्रॉम टेक्स्ट’ने आणायची आणि कोडाच्या कॉलमला टेक्स्ट सांगायचं. गूगल शीट्समध्ये इम्पोर्ट करताना मजकुराचे आकडे-तारखा करण्याची टिक काढून टाका. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या नव्या एक्सेलमध्ये ऑप्शन्समधल्या ‘डेटा’ भागात हे आपोआप बदलणं बंद करायची सोय आहे, पण तुमच्या पोराच्या लॅपटॉपवर ते बदलणं चालूच असेल तर तुमच्या लॅपटॉपवर बंद करून काय उपयोग? कोडाच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह देण्याची जुनी युक्ती एक्सेल फाइलपुरती चालते. सीएसव्हीत ती टिकत नाही.

तपासणी २: न दिसणाऱ्या गोष्टी

शीटमध्ये कोड दिसतोय आणि पोर्टलला सापडत नाही, तर त्याला शेपूट असतं. शेजारच्या कॉलमात ‘लेन’ फंक्शन लावा, ते अक्षरं मोजून देतं. तुमचे सगळे कोड दहा अक्षरांचे असतील आणि एखाद्यापुढे अकरा आले, तर शेवटी मोकळी जागा आहे. ‘ट्रिम’ लावा. ट्रिम करूनही अकराच राहिले तर ती वेबपेजवरून कॉपी करताना आलेली न तुटणारी स्पेस असते. ट्रिमला ती काढता येत नाही. तीच जागा कॉपी करून ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये वर चिकटवा, खाली काहीच लिहू नका आणि सगळीकडे बदला.

लांबी बरोबर असूनही जुळत नसेल तर अक्षरं बघा. इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक, एस आणि पाच, बी आणि आठ. फोनवरून कोड सांगून लिहून घेतात तिथे हे हमखास होतं, कारण “ओ सात” आणि “झिरो सात” दोन्ही बोलताना सारखेच वापरले जातात. आडवी रेघही तपासा. वर्डमधून किंवा फोनच्या की-बोर्डवरून येताना छोट्या रेघेची लांब रेघ झालेली असते. डोळ्याला फरक जाणवत नाही, पोर्टलसाठी मात्र तो वेगळा कोड असतो.

मोठी-लहान अक्षरं हा यातला लबाड प्रकार. एक्सेलचा व्हीलुकअप, म्हणजे दुसऱ्या यादीतून जुळणारी ओळ शोधणारं फंक्शन, दोन्ही सारखीच मानतो, म्हणून शीटमध्ये सगळं जुळतं. काही पोर्टलं आणि सॉफ्टवेअरं ती वेगळी मानतात, म्हणून तिथे जुळत नाही. सगळा कॉलम ‘अपर’ फंक्शनने मोठा करून टाका आणि पुढे कुणालाही लहान अक्षरांत लिहू देऊ नका.

व्हीलुकअपचा विषय निघालाच आहे तर, त्याच्या शेवटी ‘फॉल्स’ लिहिलंय ना? ते सुटलं तर तो सापडेल तो जवळचा कोड उचलतो आणि बिनधास्त चुकीचं उत्तर देतो. एरर आली तर निदान कळतं तरी.

तपासणी ३: जुळे कोड

एखादा कोड किती वेळा आलाय ते मोजणारं ‘काउंटइफ’ फंक्शन लावा, एकापेक्षा जास्त आलेले कोड गाळून बघा. एक लक्षात ठेवा, काउंटइफ मजकुरातलं शून्य-सात आणि सात एकच धरतो. नुसत्या आकड्यांचे कोड असतील तर तो नसलेले जुळेही दाखवेल.

जुळे कोड कुठून येतात? बहुतेकदा खाली ओढण्यातून. एका सेलच्या कोपऱ्याला धरून खाली ओढलं की एक्सेल शेवटचा आकडा वाढवत नेतं: सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा. तुम्हाला टॅनच्या सहा ते दहा साइज हव्या होत्या आणि पुढे काळा सुरू करायचा होता, पण हात थांबला नाही. मग तेरा नंबरचा टॅन जोड शीटमध्ये जन्माला येतो, जो तुमच्याकडेच काय, जिल्ह्यातही नसेल. उलटही होतं: कंट्रोल दाबून ओढलं तर सगळ्या साइजना एकच कोड लागतो.

व्हेरिएशन, म्हणजे एकाच मॉडेलचे वेगवेगळे रंग-साइज, असलेल्या लिस्टिंगमध्ये (पोर्टलवरच्या वस्तूच्या नोंदीत) आणखी एक जागा बघा. पेरेंट म्हणजे नुसतं मॉडेल, ते विकलं जात नाही, त्याला स्टॉक नसतो. चाइल्ड म्हणजे प्रत्येक रंग-साइजचा जोड. दोघांना एकच कोड दिला तर पोर्टल त्यातलं एक नाकारतं. पेरेंटच्या कोडाला शेवटी पी लावायची सवय ठेवा.

तपासणी ४: स्कॅनर आणि लेबल

इथून पुढे खुर्चीवरून उठावं लागतं.

स्कॅनर म्हणजे संगणकाच्या दृष्टीने एक की-बोर्डच. त्यामुळे संगणकाला तुम्ही जी भाषा लावलीय त्यात तो टाइप करतो. एका ठिकाणी पॅकिंग करणाऱ्या वहिनी मधेमधे गिऱ्हाइकांना मराठीत उत्तरं लिहायच्या, आणि मग स्कॅन केलं की पडद्यावर ‘खझए’ असलं काहीतरी यायचं. वहिनी म्हणायच्या, “यंत्राला भूत लागलंय.” मराठी टायपिंगच्या इनस्क्रिप्ट की-बोर्डवर शिफ्ट धरून के दाबला की ख, पी दाबला की झ, एस दाबला की ए. म्हणजे स्कॅनर इमानदारीत ‘के-पी-एस’च वाचत होता. नोटपॅड उघडा आणि तिथे एक स्कॅन करून बघा. भाषा इंग्रजी आहे ना आणि कॅप्स लॉक बंद आहे ना, एवढंच तपासा. कॅप्स लॉक चालू असेल तर मोठी अक्षरं लहान होऊन पडू शकतात. स्कॅनर बदलायला निघालेल्या दोन जणांचे पैसे या एका नोटपॅडने वाचलेत.

नोटपॅडमध्येही काहीच येत नसेल तर लेबल बघा. बाजारात मिळणारे साधे लेबल प्रिंटर २०३ डीपीआयचे, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ८ ठिपके छापणारे असतात. कोड १२८ प्रकारच्या बारकोडात प्रत्येक अक्षराला ११ बारीक पट्ट्यांएवढी रुंदी लागते, वर सुरुवात, तपासणी आणि शेवट यांची चिन्हं आणि दोन्ही बाजूला कोरी जागा. प्रत्येक पट्टीला दोन ठिपके दिले तर अक्षरं-आकडे मिसळलेला १० अक्षरांचा कोड साधारण ४१ मिमीत बसतो आणि ५० मिमीच्या लेबलवर नीट मावतो. अठरा अक्षरांच्या कोडाला ६३ मिमी लागतात. तो बसवण्यासाठी सॉफ्टवेअर पट्टी एका ठिपक्यावर आणतं, छपाई थोडी पसरली की पट्ट्या एकमेकींना चिकटतात, आणि स्कॅनर आंधळा होतो. दोष लांब कोडाचा, शिव्या प्रिंटरला. बारकोडाच्या कडेची कोरी जागा कात्रीने कापून लेबल ‘नीटनेटकं’ करणारी माणसंही आहेत. त्यांना प्रेमाने समजवा.

एका डब्यावर एकच बारकोड दिसला पाहिजे. परत आलेल्या जोडाच्या डब्यावर जुनं लेबल, त्यावर नवीन, शेजारी कुरिअरचं आणि कधी डब्याच्या कंपनीचं स्वतःचं असे चार-चार बारकोड मी बघितलेत. स्कॅनरसमोर आधी जो येईल तो तो वाचतो. रिटर्न आलेला जोड आधी डबा उघडून साइज बघून, जुनं लेबल काळ्या मार्करने मारून, मगच मांडणीवर ठेवायचा. शेजारच्या साइजमध्ये माल वाढण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या अनुभवात हेच आहे.

तपासणी ५: पोर्टलवर कोण कुणाला काय म्हणतंय

एकाच जोडाला तीन-चार नावं असतात आणि लोक ती मिसळतात. एसकेयू तुम्ही ठरवता. अॅमेझॉनचा एएसआयएन आणि फ्लिपकार्टचा एफएसएन त्या त्या कंपनीने दिलेला असतो, तो तुम्हाला बदलता येत नाही. डब्यावरचा १३ अंकी नंबर जीएसवन या संस्थेच्या पद्धतीतला. भारतातल्या जीएसवन इंडियाकडून घेतलेले नंबर ८९० ने सुरू होतात, पण त्यावरून माल भारतात बनला असं ठरत नाही. त्या नंबराचा शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून हिशेबाने निघतो, त्यामुळे मनाने रचलेला नंबर बहुधा नाकारला जातो. आणि एचएसएन हा कर लावण्यासाठीचा मालाचा वर्ग, सगळ्या चामडी चपलांना तो एकच असतो. एकाने तोच एसकेयूच्या रकान्यात भरला होता. मग सगळ्या दुकानाला एकच कोड!

पोर्टलची फाइल आणि तुमची मास्टर शीट, म्हणजे सगळ्या कोडांची तुमची मूळ यादी, शेजारी ठेवा. एसकेयूच्या जागी एसकेयूच आहे ना, ओळीओळीने बघा. लिस्टिंग करताना एसकेयूचा रकाना मोकळा सोडला तर अॅमेझॉन स्वतःच एखादा कोड ठोकून देतं. ते विचित्र कोड तिथून आलेले असतात. ते रद्द करायची घाई करू नका. मास्टर शीटमध्ये एक जादा कॉलम करून ‘आमचा कोड’ आणि ‘तिथला कोड’ अशी जोडी लिहून ठेवा. काम चालतं.

साइजचाही घोळ इथेच असतो. आपण सात म्हणतो ते यूके मापाने, तोच जोड युरोपीय मापाने साधारण ४१. एका पोर्टलवर कोडात सात आणि दुसरीकडे ४१ असेल तर दोन्हीकडचा स्टॉक कधीच एकत्र हलणार नाही. कोडात एकच माप ठेवा. लिस्टिंगमध्ये गिऱ्हाइकाला दाखवायला काय हवं ते लिहा.

तपासणी ६: मेलेल्याचं नाव जिवंताला दिलंय का?

कुरुंदवाडी हा चपलेचा प्रकार बंद केला, त्याचा कोड रिकामा झाला, म्हणून तो बक्कलनाळी या नव्या प्रकाराला दिला. वापरायला सोपा वाटतो, पण पोर्टलच्या जुन्या रिपोर्टांत, परतीच्या नोंदींत, तुमच्या बिलांत तो कोड कुरुंदवाडीच आहे. तीन महिन्यांनी एखादा रिटर्न येतो आणि नव्या मालात जमा होतो. जुनं लिस्टिंग नीट मिटलेलं नसेल तर ‘आधीच वापरात आहे’ हे उत्तर मिळतं ते वेगळंच. हे शोधायला जुने रिपोर्ट काढून एकेक कोड दोन वेगवेगळ्या वस्तूंवर लागलाय का ते बघावं लागतं. वेळ जातो. उपाय एकच: मास्टर शीटमधली ओळ कधी पुसायची नाही, ‘बंद’ असा शेरा मारायचा आणि कोड कायमचा निवृत्त करायचा.

तपासणी ७: सगळं खाली काढून मोजणं

इतकं करून जुळलं नाही तर एक रविवार काढा. पोर्टलवर सुट्टीची सोय असेल ती लावा. दोन माणसं: एक डबा उघडून मॉडेल, रंग, साइज मोठ्याने सांगणार, दुसरा लिहिणार. लेबल वाचायचं नाही, जोड बघायचा. लेबलावर विश्वास ठेवून केलेली मोजणी म्हणजे घोळाचीच दुसरी प्रत. मोजून झालेल्या डब्यावर खडूची एक रेघ मारा. आकडे थेट पोर्टलवर चढवू नका, आधी मास्टर शीटशी ताडून फरकाच्या ओळी तेवढ्या पुन्हा मोजा.

नवीन कोड पाडायचेच असतील तर

जुने कोड चालत असतील तर ते कितीही कुरूप असोत, राहू द्या. पाडायचेच असतील तर माझी पद्धत: मॉडेलची तीन अक्षरं, रंगाची दोन, साइजचे दोन अंक. कापशी हा चपलेचा प्रकार, टॅन रंग, सात साइज म्हणजे केपीएस-टीएन-०७. मरूनला एमएन. रंगाला दोनच अक्षरं दिली की महिन्याचा धोका जातो, आणि सुरुवात अक्षराने असली की पुढचं शून्य खाल्लं जात नाही. ओ आणि आय ही अक्षरं मी वापरतच नाही. तिरकी रेघ, टक्के, स्वल्पविराम नको, कारण पुढे याच नावाने फोटोच्या फाइली ठेवाव्या लागतात आणि तिरकी रेघ फाइलच्या नावात चालत नाही. अॅमेझॉन चाळीस अक्षरांपर्यंत एसकेयू घेतं म्हणून चाळीस भरायची नसतात.

बदलणारी कुठलीही गोष्ट कोडात घालू नका. मांडणीचा नंबर घातला तर मांडणी हलवली की कोड खोटा. किंमत, पुरवठादार, कराचा दर तर अजिबात नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवरचा जीएसटी पाच टक्के झाला, त्याआधी हजारापर्यंत बारा आणि वर अठरा होता. ज्यांनी कोडाच्या शेवटी बारा-अठरा लावले होते त्यांची त्या आठवड्यातली अवस्था मी बघितलीय. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं तेव्हा एकाने उत्साहात सगळ्या कोडांमागे ‘जीआय’ जोडलं. पोर्टलच्या लेखी ते सगळे नवे जोड झाले, आणि जुन्या कोडांवर नसलेला स्टॉक विकायला लटकत राहिला. ती माहिती वर्णनात लिहायची होती.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

माल पोर्टलच्या गोदामात गेलेला असेल तर घरी बसून कोड बदलू नका. तिथल्या डब्यांवर त्यांची लेबलं आहेत. तुमच्या शीटला तिथे कुणी विचारत नाही. पोर्टलकडे केस उघडा, मोजणी मागा.

दोन-तीन पोर्टलं एखाद्या सॉफ्टवेअरने जोडलेली असतील तर आधी सिंक, म्हणजे सगळीकडचा स्टॉक आपोआप जुळवणं, बंद करा आणि त्या सॉफ्टवेअरच्या मदतनिसाला फोन करा. सिंक चालू ठेवून कोड बदलले तर ते सगळीकडे शून्य स्टॉक ढकलू शकतं, किंवा त्याहून वाईट, नसलेला माल विकायला काढू शकतं.

‘चुकीची वस्तू पाठवली’ म्हणून खात्यावर पोर्टलची ताकीद आली असेल तर प्रयोग बंद. ज्या साइजमध्ये गोंधळ आहे त्या विक्रीतून काढा आणि विक्रेत्यांची खाती सांभाळणाऱ्या जाणकाराला दाखवा. मोजणी आणि वहीतला शिल्लक माल यात फरक उरत असेल तर शीटमध्ये आकडा दाबून जुळवू नका, सीएला आधी सांगा. पाचशेच्या आसपास कोड असतील तोवर हे सगळं एक माणूस निस्तरू शकतो. हजारोंमध्ये असतील आणि तपासणी तीनमध्येच शेकडो जुळे निघाले, तर डेटाचं काम करणारा माणूस पैसे देऊन लावा. हाताने जितके घोळ दुरुस्त कराल तितकेच नवे घालाल.

तो आला की चार गोष्टी हातात द्या: न उघडलेला इन्व्हेंटरी रिपोर्ट, पोर्टलचा एरर रिपोर्ट, लेबलाचा जवळून काढलेला फोटो आणि चुकलेल्या तीन ऑर्डरी. मुख्य पासवर्ड देऊ नका. पोर्टलवर वेगळा युजर बनवून त्याला इन्व्हेंटरीपुरती परवानगी द्या आणि काम झाल्याच्या संध्याकाळी तो युजर काढून टाका.